वन्सं, माळवद उतरवायचं का?

फोन आला तेव्हा मी धाराशिवच्या आमच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया उलथत होते. फोन बालाजीचा होता. बालाजी म्हणजे माझा भाचा, माझ्या थोरल्या भावाचा, आण्णांचा एकुलता एक मुलगा. "आत्या, तुम्ही निघा," एवढंच म्हणाला. आमच्याकडं मरणाची बातमी फोनवर कुणी सरळ सांगत नाही. 'निघा' म्हणतात आणि ऐकणाऱ्यानं काय ते समजून घ्यायचं असतं. मी समजले. तरी वेड्यासारखं विचारलंच, "आण्णांना दवाखान्यात नेलंय का रे?" त्याच्या मागं कुणीतरी बाई हंबरडा फोडत होती. तो आवाज माझ्या वहिनींचा आहे हे कळायला मला वेळ लागला, कारण एवढ्या वर्षांत वहिनींचा मोठा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

आमचं गाव भूमपासून जवळ. एसटीनं भूम, तिथून पुढं कुणाच्या तरी जीपमधून मी पोचले, तेव्हा दुपार टळली होती. दारासमोर पांढऱ्या मातीचा मोठा ढीग पडलेला होता आणि भिंतीला शिडी लावलेली होती. माणसं त्या ढिगाला वळसा घालून आत-बाहेर करत होती. आण्णांना अंगणात ठेवायला जागा पुरेना, म्हणून कुणीतरी फावड्यानं ढीग जरा मागं सारला होता. दर उन्हाळ्यासारखं माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, नवी माती टाकायचं काम आण्णांनी त्या सकाळी काढलं होतं. दोन-चार टोपली वर नेली, खाली आले, छातीत जळजळतंय म्हणाले, पाणी मागितलं आणि भिंतीला टेकून बसले... ते तसेच. भूमच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे घरात बसल्या बसल्याही झालं असतं. हे मला त्या दिवशी चार-पाच जणांनी तरी आवर्जून सांगितलं. ज्याला त्याला ते मलाच का सांगावंसं वाटत होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते तेराव्याला. जेवणं उरकली होती, पाहुणे पांगले होते आणि मी परत निघायचं म्हणून पिशवी भरत होते. वहिनी येऊन उंबऱ्याशी बसल्या. त्यांच्या मोकळ्या कपाळाकडं बघवत नव्हतं, म्हणून मी पिशवीकडंच बघत राहिले. त्या म्हणाल्या, "वन्सं, मृग तोंडावर आलाय. दारातली माती वर टाकायची, का माळवद उतरवायचं? तुमी म्हणाल तसं करू." मी म्हटलं, मला काय विचारता वहिनी, घर तुमचं आहे, बालाजीचं आहे. मी थट्टा करतेय की काय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "असं कसं? त्यांनी शब्द दिलाय न्हवं तुमास्नी."

कुठला शब्द, ते मला आठवेना. खरंच आठवेना. वहिनींनी सांगितल्यावर आठवलं, आणि तेव्हापासून दुसरं काही आठवत नाही. आण्णांबद्दल चार शब्द लिहावेत असं त्यांच्या ओळखीच्यांनी सुचवलं, तेव्हा मनात आलं की मी काय लिहिणार, आपल्या भावाला एका वाक्यात कसं बांधून घातलं ते लिहू? मग म्हटलं, तेच लिहावं. बाकी त्यांचं चांगलं सांगणारे गावात पुष्कळ आहेत.

वडील गेल्यानंतर वर्षभरानं आम्ही हक्कसोड करायला भूमला गेलो होतो. बहिणीनं शेताघरातला आपला हिस्सा भावाच्या नावे सोडायचा, भावानं साडीचोळी करायची आणि माहेर शाबूत ठेवायचं, अशी आमच्याकडची रीत. मुलींचा हक्क म्हणजे काय ते मी शाळेत पोरींना तावातावानं शिकवत होते, आणि सही मात्र रीतीप्रमाणे केली. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. वाटलं ते आण्णांना. कचेरीसमोरच्या हॉटेलात त्यांनी भजी मागवली, पण त्यांनाच घास उतरेना. माझ्याहून पुष्कळ मोठा, मला खांद्यावर बसवून यात्रेला नेणारा माणूस, मान खाली घालून म्हणाला, "सुमे, तू एवढं सोडलंस. माग काहीतरी. साडीवर भागवू नको." वडिलांच्या आठवणीनं मी पदरानं डोळे पुसत होते. मी म्हटलं, "मला काही नको, आण्णा. घर तेवढं आहे तसं ठेवा. आपलं माळवद उतरवू नका." आण्णा क्षणभर थांबले. तो क्षण मला आता फार मोठा वाटतो. मग म्हणाले, "न्हाय उतरवत." आणि त्यांनी भजं उचललं.

मी ते वाक्य भज्यांबरोबर विसरून गेले. बाई रडवेली झाली की असं काहीबाही बोलते, असंच कुणीही म्हणेल. पण आण्णांच्या लेखी तो व्यवहार होता. बहिणीनं हिस्सा सोडला, आपण माळवद सोडायचं नाही. सही माझी कागदावर होती आणि त्यांची त्या 'न्हाय उतरवत'मध्ये.

ज्यांनी माळवद बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. चौथीच्या मुलांना 'घरांचे प्रकार' इतकी वर्षं शिकवले आहेत की ते आता झोपेतसुद्धा सांगता येईल. दगडमातीच्या हात-दोन हात रुंद भिंती, लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांच्यावर फळकुटांचा दाट थर, त्यावर लिंबाचा पाला आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती कुठलीही चालत नाही. काळी माती वाळली की भेगाळते. पांढरी माती गावातल्या जुन्या गढीची नाहीतर पडक्या घरांच्या भिंतींची. पाणी पडलं की ती चिकटून बसते आणि खाली थेंब जाऊ देत नाही. घर उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. एवढं सांगून मी खडू खाली ठेवायची.

मी कधी सांगितलं नाही ते असं, की ती माती दर उन्हाळ्यात नव्यानं टाकावी लागते. शिडीवरून टोपल्यानं वर न्यायची, पसरायची, पाणी शिंपडून चोपायची, पन्हाळाकडं उतार राखायचा. पावसाळ्यात वर गवत उगवतं, ते वेळेत उपटायचं, नाहीतर मुळांच्या वाटेनं पाणी खाली उतरतं. उंदीर बिळं करतात ती बुजवायची. झड लागली की कितीही केलं तरी कुठंतरी गळतंच. मग पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन भर पावसात वर चढायचं आणि पायानं चाचपत जागा शोधायची. घरातली बाई खालून काठीनं छताला ठोके देते, की इथं गळतंय, इथं दाबा. आमची आई वडिलांना असे ठोके द्यायची. तेव्हा मला तो खेळ वाटायचा. पुढं शिकले, शिकवायला लागले, तरी तो मला खेळच वाटत राहिला, कारण खेळणारे दुसरे होते.

आण्णांना हे घर आवडत नव्हतं, हे मला आज पहिल्यांदाच लिहिता येतंय. भूकंप झाला त्या साली मी लग्न होऊन धाराशिवला होते. आमच्या गावाला फारसं काही झालं नाही, भिंतीला एक चीर गेली तेवढीच. पण आण्णा गावातल्या माणसांबरोबर ट्रॅक्टर घेऊन लोहाऱ्याकडच्या खेड्यांत मदतीला गेले, आणि तिकडून आल्यावर ते घरात झोपेनात. तिकडची घरं आमच्यासारखीच. वर्षानुवर्षं लोक माळवदावर नवी माती टाकत आले, जुनी कुणी काढली नाही, आणि त्या सगळ्या ओझ्यासकट छतं निजल्या माणसांवर आली होती. तिथं त्यांनी कुणाकुणाला उकरून काढलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. वडिलांना एवढंच म्हणाले की आपणही हे ओझं उतरवू, पत्रे घालू. वडील हट्टी, त्यांनी ऐकलं नाही. पुढं वडील गेले, घर आण्णांच्या हातात आलं, मनासारखं करायची वेळ आली, आणि नेमकी तेव्हाच मी भज्यांच्या बशीसमोर ते वाक्य बोलून बसले. आण्णा शेवटपर्यंत अंगणात बाजेवर झोपले, पावसाळ्यात दाराजवळच्या ढेलजेत. मी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची, आमच्या आण्णांना बाई मोकळी हवाच लागते.

देवघराला लागून एक खोली होती, ती माझी. म्हणजे मी लग्न होऊन गेले तरी तिला 'सुमीची खोली'च म्हणत. एका दिवाळीला गेले तर खोलीच्या मधोमध बाभळीचा जाडजूड खांब उभा. मी म्हटलं, हे काय मधेच, खोलीची शोभा गेली की. आण्णा म्हणाले, तुळई जुनी झालीय, असू दे आधार. घरात दुसऱ्या कुठल्याच खोलीत असा खांब नव्हता. हे मला दिसत होतं, पण असं का, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी त्याला एक खिळा मारून घेतला आणि पर्स अडकवायची सोय केली.

दर एक-दोन वर्षांनी मी शाळेची सहल गावी न्यायची. पोरं ओळीनं आत शिरायची, मी तुळयांकडं बोट दाखवून बोलायची आणि आण्णा कोपऱ्यात पाण्याची घागर नि पेला घेऊन उभे. पोरांना शेंगा, गूळ द्यायचे. एका पोरानं त्यांना विचारलं होतं, आजोबा, हे घर कुणी बांधलं? तर म्हणाले, "बांधलं आमच्या पणज्यानं. राखायला बाईंनी लावलंय." बाई म्हणजे मी. सगळी हसली. मीही हसले आणि त्यांच्या हजरजबाबीपणाचं कौतुक केलं. पुढं मोबाइल आले, तसे मी माळवदाचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला लागले, 'आमचा गारवा' असं वर लिहून. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. त्या फोटोत आण्णा कुठंतरी कडेला असायचेच, हातात फावडं घेऊन. फोटो चांगला यावा म्हणून मी त्यांना जरा बाजूला व्हा म्हणायची.

बालाजीच्या लग्नाचं तर बोलूच नये. मुलगा निर्व्यसनी, दूध डेअरीत कामाला, चार एकर बागायत. स्थळं यायची, मुलीचे मामा-काका बसायचे, पोहे खायचे, आणि बोलता बोलता त्यांची नजर वर जायची. पुढं त्यांचा निरोप यायचा नाही. आजकाल गावाकडंसुद्धा माळवदाच्या घरात पोरगी द्यायला कुणी तयार नसतं, सारवण-माती करून करून तिचे हात जातील म्हणतात. आणि त्यांचं काय चुकतं? मला हे कळायला हवं होतं, मी काही परदेशात राहत नव्हते. पण मी काय केलं, तर परांड्याकडच्या एका चांगल्या स्थळाचा फोन माझ्याकडं आला, तेव्हा त्या बाईंना अर्धा तास आमच्या माळवदाची महती सांगितली. असं घर आता बघायला मिळत नाही, म्हटलं. त्या म्हणाल्या, बरं. सोनारीच्या भैरवनाथाला जाता जाता घर बघून जाणार होते ते लोक, ते आलेच नाहीत. मी वहिनींना म्हटलं, जाऊ द्या, ज्यांना जुन्याची किंमत नाही त्यांची पोरगी आपल्याला काय करायची. वहिनी चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी फुंकणी घेतली आणि जाळ फुंकत राहिल्या.

आता कुणी म्हणेल, आण्णांनी सरळ बोलायचं होतं. ते बोलले होते... निदान यंदाच्या होळीला बोलले होते. ती आमची शेवटची भेट. पोळ्या खाऊन आम्ही अंगणात बसलो होतो. गढीची माती आता उकरून उकरून संपत आली होती, यंदा माती दुसऱ्या गावाहून, कुणाचं तरी घर पाडतायत तिथून आणावी लागणार, असं काहीतरी ते सांगत होते. गुडघा चोळत होते. मग शेजारच्या घराकडं बघून म्हणाले, "नामानं स्लॅब टाकला बघ औंदा. बरा झालाय. उन्हाळ्यात तापतो म्हणतेत." आणि माझ्याकडं बघत थांबले. ते थांबणं मला आज दिसतं. तेव्हा मला फक्त 'तापतो' ऐकू आलं. मी लगेच सुरू झाले, की तापणारच, सिमेंट उष्णता धरून ठेवतं, धाराशिवला आमचं काय होतं ते मला विचारा, रात्री बारापर्यंत पंख्याखाली भाजून निघतो, तुम्ही भाग्यवान आहात आण्णा. ते ऐकून घेत होते. माझं संपल्यावर मान हलवली आणि म्हणाले, "व्हय, तापतोच." मग उठून म्हशीला पाणी दाखवायला गेले. माणूस आयुष्यात एकदा विचारतो आणि आपण त्याला भूगोल शिकवतो.

तर तेराव्याला वहिनींनी ते जुनं वाक्य मला आठवून दिलं, तेव्हा मी म्हटलं, "उतरवा. उद्याच उतरवा." वहिनी 'बरं' म्हणाल्या आणि उठून गेल्या. माझी मेली अपेक्षा अशी की त्यांना हायसं वाटेल, डोळे भरून येतील, मला जरा मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून स्वतःला समजावत राहिले की मला माहीत नव्हतं. मला माहीत असतं तर मी आण्णांना त्या शब्दातून केव्हाच मोकळं केलं असतं. हे खरं आहे. पण माहीत करून घेणं तरी कुणाचं काम होतं?

माळवद उतरवायला काढलं त्या दिवशी मी पुन्हा गेले. कामाला गवंडी म्हणून महेबूबभाई होते, आणि वाडीवस्तीवरची आठ-दहा माणसं न बोलावता आली होती. आण्णांचं काम म्हणून आली होती. वरून फावड्यानं माती खाली लोटत होते, खाली ट्रॉली भरत होती. पांढरी माती रानाला चांगली, म्हणून ती शेतात नेऊन टाकायची होती, दारातला ढीगही तिच्यातच गेला. सगळं घर, झाडं, माणसं धुळीनं पांढरी झाली होती. मी आणि वहिनी समोरच्या लिंबाखाली बसलो होतो.

आधी आण्णा-वहिनींच्या खोलीवरची माती निघाली. ती भराभर निघाली, कारण तिथं माती फारशी नव्हतीच. वीतभर थर, आणि त्याच्याखाली फाटकी ताडपत्री, खताच्या रिकाम्या पिशव्या, कुठला तरी जुना बॅनर, एकावर एक घातलेले. बालाजी ते ओढून काढून खाली फेकत होता. मग सगळे माझ्या खोलीवर आले. तिथं फावडं लागेना. महेबूबभाईंनी टिकाव मागवला. हातभर जाड माती, अशी चोपून बसवलेली की टिकावाचा घाव पडला तरी ढेकूळ सुटत नव्हतं. महेबूबभाई वरून म्हणाले, "एका खोलीवर एवढी माती कशापायी टाकलीया? खालचा खांब नसता तर खोली कवाच बसली असती." मला तेव्हा कळलं की तो खांब कशासाठी होता.

मी वहिनींकडं बघितलं. इतक्या वर्षांत मी भर पावसाळ्यात कितीदा तरी माहेरी राहिले होते, आणि सकाळी उठून दरवेळी म्हणाले होते, बघा, एक थेंब गळला नाही. वहिनींना विचारायचीसुद्धा, तुमच्याकडं गळतं का हो? त्या न्हाय म्हणायच्या. आता म्हणाल्या, "दरसाल पयली माती तुमच्या खोलीवर. मग देवघरावर. उरंल ती आमच्यावर. आन् उरायची न्हाय." मी विचारलं, पण असं का? त्या म्हणाल्या, "ते म्हणायचे, तिनं मागून घेतलंय, तिच्यावर गळून कसं चालंल?"

मला रडू फुटलं. वहिनी रडल्या नाहीत. त्यांचा चेहरा धुळीनं पांढरा झाला होता आणि त्या एकटक समोर बघत होत्या. मग माझ्याकडं वळून, आयुष्यात पहिल्यांदा, जरा चढ्या आवाजात म्हणाल्या, "म्या लई येळा म्हणलं त्यास्नी, वन्सं काय वाघ हायत का, इचारा की एकदा. त्यांनी न्हाय इचारलं. त्यांचं ऱ्हाऊ द्या. पर तुमी तरी वन्सं... एवढं कवतिक केलंत माळवदाचं. एकदा तरी वर चढून बघायचं न्हाय?"

मी कधीच वर चढले नव्हते. लहानपणी पोरींना वर चढू देत नसत, आणि मोठेपणी चढावंसं वाटलं नाही. शेकडो पोरांना मी ते छत खालून दाखवलं होतं. वहिनींनी पुन्हा तो विषय काढला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. थोड्या वेळानं त्यांनी चहा करून आणला आणि पहिला कप मला दिला. तो घेताना मला जेवढी लाज वाटली तेवढी त्यांच्या बोलण्यानंही वाटली नव्हती.

त्यानंतर भिंती उतरवल्या, जुनं दगडी जोतं तेवढं ठेवलं. आखणीच्या दिवशी बालाजीनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. मी येत नाही म्हणत होते, त्यानं ऐकलं नाही. मोकळ्या जोत्यावर ऊन पडलं होतं. जिथं माझी खोली होती ती जागा अशी उघडी पडल्यावर एवढीशी दिसत होती. महेबूबभाई एका हातात टेप आणि दुसऱ्या हातात रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीचं घमेलं घेऊन उभे. बालाजीनं दोरीचं एक टोक धरलं आणि मला विचारलं, "आत्या, तुमची खोली कुणीकडं घ्यायची?"

टेप थांबला. महेबूबभाई माझ्याकडं बघत होते, दोरी धरलेला माणूस माझ्याकडं बघत होता, बालाजी तर बघतच होता. ही सवय आण्णांची. म्हैस विकायची असो, विहिरीवर मोटार बसवायची असो, आधी माझ्याकडं बघायचं, सुमीला चालतंय का. मला ती माया वाटायची, आणि ती मायाच होती. पण माझ्या तोंडून निघालेलं या घरात जसंच्या तसं पाळलं जातं, हे आता मला कळून चुकलं होतं, आणि मला तोंड उघडायची भीती वाटली. मला खोली नको असं म्हटलं असतं, तर तेही यांनी आयुष्यभर पाळलं असतं. शेवटी म्हटलं, "माझ्याकडं बघू नका. तुझ्या आईला विचार."

वहिनी बाजूला विटांवर बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारेल असं त्यांना वाटलं नसावं. आधी त्यांनी पदर सारखा केला, मग उठल्या, आणि जोत्यावर चढून चालत चालत देवघराच्या शेजारी, माझी खोली होती तिथं जाऊन उभ्या राहिल्या. इकडं तिकडं बघितलं. म्हणाल्या, "हितं सैपाकघर घ्या. सकाळचं ऊन हितंच येतं."

"आन् आत्याची खोली?" बालाजीनं विचारलं.

"वन्सं आल्या तर माझ्याजवळ झोपतील," वहिनी म्हणाल्या.

महेबूबभाईंनी फक्की सोडायला घेतली. मी खाली वाकून दोरीचं दुसरं टोक धरलं, म्हणजे निदान हाताला काही काम असावं. रेघ ओढून होत आली तरी बालाजी जागचा हलला नव्हता. मान जराशी वाकडी करून, आत्याला हे चालतंय ना, एवढं बघायला तो अजून माझ्याच तोंडाकडं बघत होता... हुबेहूब आण्णा. मला ते बघवेना.